इतकी वर्षं झाली, आता कशाला?

पाळी थांबण्याच्या वयाला उर्दूत ‘सिन-ए-यास’ म्हणतात. सिन म्हणजे वय आणि यास म्हणजे निराशा. शब्द अरबीतून आला. कुरआनात सूरह तलाक़मध्ये या वयातल्या बायकांचा उल्लेख येतो, तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. तिथे अर्थ एवढाच, की पाळी पुन्हा येण्याची आशा उरलेली नाही. आपल्या घरांनी मात्र ती निराशा बाईच्या सगळ्या आयुष्यावर पांघरली. मराठीत ‘रजोनिवृत्ती’. म्हणजे निवृत्ती, तीही बिनपेन्शनची! मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते, आणि या एका बाबतीत दोन्ही भाषा बाईला सारखंच सांगतात: झालं तुझं, आता गप्प बस.

चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायका आता या विषयावर थोडंफार बोलू लागल्या आहेत. मला लिहायचं आहे ते त्यांच्या पुढच्या बायकांबद्दल. पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झाली, त्रास गेला नाही, आणि आता कुणीतरी हार्मोनच्या औषधाचं नाव काढलं. घेऊ का? आणि घेऊ तर कोणतं?

आमच्या घरातच सध्या अशा दोघी आहेत. आपा ५६ वर्षांची. तिची पाळी ४७ व्या वर्षी थांबली. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षीच थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आपा रात्री तीन-तीनदा घामाने भिजून उठते. शेजारणी कौतुक करतात, की बाजी रोज तहज्जुद पढते. तहज्जुद पढते हे खरंच, पण मुळात तिला झोपच लागत नाही. दुसरी फुप्पी, ६७ वर्षांची. तिची तक्रार वेगळी: खाली कोरडेपणा, जळजळ, आणि वर्षातून चार-पाच वेळा लघवीचं इन्फेक्शन.

आपाला एका डॉक्टरांनी सांगितलं, “इतकी वर्षं काढलीत, आणखी थोडी काढा.” दुसऱ्यांनी तीन मिनिटांत गोळी लिहून दिली, गर्भाशय आहे की काढलं आहे हेही न विचारता. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं सारखीच उद्धट आहेत. पहिल्यात त्रासाला किंमत नाही, दुसऱ्यात धोक्याला.

भीती कुठून आली ते आधी बघू. जुलै २००२ मध्ये अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या, गर्भाशय असलेल्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या. बातमी झाली ‘कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला’. हिशेब असा होता: वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० च्या जागी ३८. आठ बायका कमी नव्हेत, ज्या घरातली असते त्या घराला विचारा. पण २६ टक्के ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. त्याच अभ्यासात कंबरेची, म्हणजे खुब्याची, हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं होतं, ते बातमीत मागे पडलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-दहा वर्षं उलटलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. म्हणजे हा अभ्यास नुकती पाळी थांबलेल्या बाईबद्दल जितकं सांगतो, त्यापेक्षा जास्त आपल्या आजच्या प्रश्नाबद्दल सांगतो.

त्यात वापरलेलं इस्ट्रोजेन कशापासून बनतं ठाऊक आहे? गाभण घोडीच्या मूत्रापासून. ‘प्रेमारिन’ हे नावच त्या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं आहे. हे कळल्यावर आपाने पहिला प्रश्न विचारला तो मी सांगायला नको. हलाल का? या औषधाबद्दल उलेमांमध्ये चर्चा आहे: पदार्थाचं रूप पूर्ण बदललं तर हुकूम बदलतो का, मजबुरी कुठे सुरू होते, वगैरे. मी मुफ्ती नाही. पण आज एस्ट्राडायोल नावाचं हार्मोन मिळतं, जे बाईच्या शरीरात बनणाऱ्या इस्ट्रोजेनसारखंच तंतोतंत असतं आणि सोयाबीन किंवा सुरणासारख्या कंदापासून तयार होतं. दुसरा रस्ता मोकळा असताना घोडीच्या वादात शिरायचंच कशाला? मला राग येतो तो याचा, की हा प्रश्न बायका दवाखान्यात विचारत नाहीत. घरी येऊन पुडी कपाटात ठेवतात आणि डॉक्टर समजतात पेशंट औषध घेतेय.

आता वर्षांचा हिशेब. आज जगभरातल्या रजोनिवृत्ती-तज्ज्ञांच्या संस्था साधारण एकच सांगतात: वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील, त्रास जास्त असेल आणि मनाई करणारा आजार नसेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त. त्यानंतर पहिल्यांदाच सुरू केलं तर हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या, स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढत जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट’ नावाच्या अभ्यासात ६४३ बायकांची मानेतली रक्तवाहिनी तपासत होते. पाळी जाऊन सहा वर्षांच्या आत एस्ट्राडायोल सुरू केलेल्यांमध्ये ती जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. शिराच आतून कडक झाल्या असतील तर उशिरा आलेलं हार्मोन त्यांना पुन्हा मऊ करत नाही, असं मानतात.

म्हणजे “आणखी थोडी काढा” असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आपाचं हातातलं एक वर्ष घालवायला सांगितलं होतं. तिला नऊ झाली होती. दहावं लागलं की तोच प्रश्न अवघड होतो.

दुसरा प्रश्न गर्भाशयाचा. गर्भाशय जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, त्याने आतलं अस्तर वाढत राहतं आणि कॅन्सरची भीती असते. सोबत प्रोजेस्टेरोन लागतंच. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि २००२ च्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये, स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. पक्षाघात वाढला होता, म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला.

हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना जास्त कळायला हवं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी त्यांच्यासारखीच, तिशीतच पिशवी काढलेली. मी विचारलं, अंडाशय ठेवलेत की तेही काढले? तिला माहीत नाही. कागद कुठे आहे? तोही नाही. अंडाशय तिशीत काढले असतील तर त्याच दिवशी तिचा सिन-ए-यास सुरू झाला. मनाई करणारा आजार नसेल तर अशा बाईला निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं असं वैद्यकशास्त्र सांगतं. हाडांसाठी, हृदयासाठी. तिला कुणी काहीच दिलं नाही. ऑपरेशनचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा, एवढं मी आता पालकसभेतही सांगते. मुख्याध्यापकांना आवडत नाही, पण असो.

तिसरी निवड, गोळी की त्वचेवरून. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. जेल किंवा पॅच लावलं तर हार्मोन थेट रक्तात उतरतं, आणि नेहमीच्या डोसमध्ये गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. वय जास्त, वजन जास्त, रक्तदाब आहे, अशा बाईसाठी हा फरक मोठा. आपाला म्हणून जेल ठरलं. पॅच आमच्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही. तिचा पुढचा प्रश्न वुज़ूचा. लावल्यावर तासभर तो भाग धुवायचा नसतो, म्हणून तिने वेळ ठरवली इशानंतर, जागा मांडी. कोपरापर्यंत हात धुण्याशी त्याचा संबंधच येत नाही. वाळेपर्यंत नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी बजावलं, नाहीतर हार्मोन पोराच्या अंगाला लागतं.

सोबत प्रोजेस्टेरोनची कॅप्सूल, रात्री झोपताना. तिने गुंगी येते, जी आपाला हवीच होती. कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं आहे हे तिने दुकानदाराला स्वतः विचारलं, मला पुढे न करता.

यातही दोन पद्धती आहेत. महिन्यातले १२ दिवस प्रोजेस्टेरोन घेतलं तर पाळीसारखा रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. रोज घेतलं तर सहसा होत नाही. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला रोजचीच पद्धत देतात. नमाज़ी बाईसाठी ही साधी बाब नाही. नऊ वर्षं सलग रोज़े ठेवणाऱ्या बाईला पुन्हा हिशेब मांडायला लावायचा का? सुरुवातीचे काही महिने थोडे डाग दिसू शकतात. तो हैज़ की इस्तिहाज़ा, हे जाणत्या आलिमाला विचारावं. इस्तिहाज़ात नमाज़ माफ होत नाही. पण डॉक्टरला आधी सांगावं. सहा महिन्यांनंतरही डाग दिसले, किंवा औषध न घेणाऱ्या बाईला दिसले, तर सोनोग्राफी टाळू नये. मसला विचारून समाधान झालं म्हणून तपासणी राहिली, असं होऊ नये.

आणि फुप्पी? तिला घामाचा त्रास कधीच थांबला आहे, पाळी जाऊन १८ वर्षं झाली. तिने आपाचं बघून तेच जेल मागितलं. तिला ते द्यायचं काही कारण नाही. तिच्यासाठी आहे खाली लावायची कमी ताकदीची इस्ट्रोजेन क्रीम. ती रक्तात जवळपास उतरत नाही, तिच्यासोबत सहसा प्रोजेस्टेरोन लागत नाही, आणि साठीनंतरही सुरू करता येते. कोरडेपणा जातो, लघवीची इन्फेक्शनं कमी होतात. रात्री लावायची, म्हणजे रमज़ानमध्येही अडचण नाही. हाडांसाठी वेगळी तपासणी आणि वेगळी औषधं आहेत; त्यासाठी ६७ व्या वर्षी हार्मोन सुरू करत नाहीत. टिबोलोन नावाची गोळीही कुणी सुचवते. साठीपुढच्या बायकांमध्ये तिने पक्षाघात वाढल्यामुळे एक मोठा अभ्यास थांबवावा लागला होता.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर आपाचा रस्ता त्या बाईचा नाही. तिच्या घामासाठी हार्मोन नसलेल्या गोळ्या आहेत, त्या मागाव्यात.

आपाची मॅमोग्राफी झाली, रक्तदाब ठीक निघाला. जेल सर्वांत कमी मापाने सुरू आहे. तीन महिन्यांनी परत दाखवायचं, आणि दरवर्षी पुन्हा ठरवायचं की चालू ठेवायचं का. फुप्पीने क्रीम आणली आहे, पण ती घरातल्या पुरुषांना दिसू नये म्हणून पीठाच्या डब्यामागे ठेवते. मी तिला म्हटलं, फुप्पी, तिथे उष्णता फार, कपाटात ठेव. कपाटाची किल्ली फुप्पाजींकडे असते.