वहीला चार दिवस विश्रांती

आज आश्विन वद्य द्वादशी. शहरांतील घरोघरी आज वसुबारस असून सायंकाळी सवत्स धेनूचे पूजन होईल. २०१४ साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, हीच तिथी वाघबारस म्हणून पाळली जाते. तेथील वारली बांधव वाघोबाला नैवेद्य दाखवितात. एकाच तिथीला कोठे गाय पूजिली जाते, कोठे वाघ. आमच्या धर्माची ही ऐसपैस ओसरी आम्हांस फार प्रिय आहे.

गतवर्षी याच दिवसांत मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर आमचे कीर्तन झाले. समवेत आमच्या गावचे एक गृहस्थ होते. वैद्यांच्या सल्ल्याने त्यांनी वजन उतरविले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु वजन उतरले तरी मोजणी उतरली नाही. पोळी किती ग्रॅमची, भातात उष्मांक किती, चिवड्याची मूठ किती पावले चालल्याने जिरेल, याची नोंद ते प्रत्येक घासागणिक मोबाइलमध्ये करीत. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्यांनी एकदा नोंदीशिवाय घेतला नव्हता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कीर्तनानंतर पाड्यावरील एका आजीबाईंनी नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि मिरचीचा ठेचा पानावर वाढला. गृहस्थांनी सवयीने विचारले, "आजी, ही भाकरी किती वजनाची?" म्हातारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पोट भरंल एवढी." मोबाइल खिशात गेला. त्या रात्री ते गृहस्थ तीन भाकरी जेवले आणि शांत निजले.

ही गोष्ट येथेच संपविली असती तर कीर्तनाला शोभली असती. परंतु ती अर्धीच आहे. त्याच आजीबाईंच्या नातवाला सकाळी अंगणवाडीत काट्यावर बसविले होते आणि त्याच्या दंडाला रंगीत फीत लावून पाहिली होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर फीत लाल रंग दाखविते आणि ते बालक तीव्र कुपोषित ठरते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली. २०१६ साली मोखाड्याने पुन्हा तेच दुःख पाहिले. दिवाळी संपली, घरातील धान्य आटले, की येथील कुटुंबे वीटभट्ट्यांची आणि बांधकामांची वाट धरतात. लहान मुलेही मागोमाग जातात आणि त्यांच्या वजनाची नोंद तुटते. २०१५ साली अमृत आहार योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले, तेही कोणी तरी मोजले म्हणूनच. तेव्हा मोजणे वाईट, असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. उपाशी लेकराचे वजन एक दिवसही न चुकता मोजले पाहिजे. ज्याचे पान रोज भरलेले आहे, त्याने मात्र आपली वही अधूनमधून मिटावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि हे म्हणणे नवे नव्हे. आपल्या पूर्वजांनी चातुर्मासाचे नियम घातले, त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमीही ठेवली. धारणे-पारणे करणारा एक दिवस उपवास करतो व दुसरे दिवशी जेवतो. जेवण्याचा दिवस हा व्रताचा भंग नव्हे, ते व्रताचे अंगच आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातील राजा अंबरीष आठवा. वर्षभर द्वादशीचे व्रत केलेला तो भक्त कार्तिकात पारण्यास बसणार, तोच दुर्वास अतिथी म्हणून आले आणि यमुनेवर स्नानास गेले. अतिथीआधी जेवणे अनुचित, परंतु द्वादशी उलटू देणेही अनुचित. शेवटी ब्राह्मणांच्या संमतीने राजाने केवळ जलप्राशन करून पारणे साधले. उपवास सोडला नाही तर तो पुरा होत नाही, असे ज्या शास्त्राने मानले, त्याला आपल्या मोबाइलमधील अखंड हिशेब पसंत पडला असता काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग नाकारला आहे आणि मुळीच न खाणाऱ्यालाही.

आम्हांस स्वतःला साखरेचा विकार आहे. दोन वर्षांपूर्वी एका यजमानीणबाईंना आम्ही करंजीत साखर किती घातली, असे विचारले आणि त्या माउलीचा चेहरा उतरला. अर्धी करंजी खाऊन "छान झाली" म्हणता आले असते. ती चूक अजून सलते. म्हणून लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत आम्ही वही मिटतो. औषधे मिटत नाही, आणि ज्यांना वैद्यांनी रक्तातील साखर रोज पाहावयास सांगितली आहे, त्यांनी ती पाहावी. त्यांनी आमचे ऐकू नये. इतरांनी भूक लागली की जेवावे, पोट भरले की हात धुवावा. ज्याला चार दिवसांची धास्ती वाटेल, त्याने भाऊबीजेचे एकच जेवण बहिणीच्या हातचे, न मोजता घ्यावे. यजमानांनीही एवढी कृपा करावी की आग्रहाचा चौथा लाडू पानात टाकू नये. पाहुणे हिशेब करू लागतात ते पुष्कळदा आपल्या आग्रहाच्या भयानेच.

आपल्या एकादशीची वरी ज्या उतारांवर पिकते, तेथे आता नागलीची कापणी चालू असेल. भाऊबीजेनंतर आम्ही पुन्हा मोखाड्यास निघालो आहोत. आजीबाईंच्या नातवाची फीत कोणता रंग दाखविते, हे आधी विचारावयाचे आहे. ते गृहस्थही येतो म्हणतात. मोबाइल घरी ठेवीन, असा त्यांनी निरोप धाडला आहे. आमची गोळ्यांची डबी मात्र पिशवीत असेल.