पितृऋणाची सरकारी वसुली

‘कमावते मुलगे असताना म्हाताऱ्यांना सरकारने का पोसावे? पोसायचेच असेल, तर तो खर्च मुलांकडून वसूल करावा,’ असे मत सुशिक्षितांच्या बैठकीत अनेकदा ऐकू येते. वरवर पाहता ते न्याय्य वाटते. करदात्यांचा पैसा वाचतो आणि कृतघ्न मुलांना धडाही मिळतो. परंतु ज्या देशांनी ही वाट चोखाळली, त्यांचा अनुभव पाहिला तर हे मत टिकत नाही.

इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीब कायद्याने आईवडील, आजीआजोबा आणि मुले यांच्यावर एकमेकांच्या पोषणाची सक्ती केली. सुमारे साडेतीन शतकांनंतर, १९४८ साली, त्याच देशाने तो कायदा रद्द केला आणि प्रौढ मुलांना वृद्ध आईबापांच्या खर्चातून मुक्त केले. जर्मनीत मात्र वृद्धांच्या शुश्रूषेवर झालेला सरकारी खर्च मुलांकडून वसूल होत राहिला. ज्या पित्याने मुलाशी अनेक दशके संबंध तोडले होते, त्याच्या शुश्रूषेचे सुमारे नऊ हजार युरो त्या मुलानेच भरावेत, असा निकाल तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ साली दिला. पुढे १ जानेवारी २०२० पासून, ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंपेक्षा अधिक नाही, अशा मुलांना या वसुलीतून वगळावे लागले.

जपानची कथा अधिक बोलकी आहे. तेथे कोणी सरकारी मदतीसाठी अर्ज केला, की ‘तुम्ही यांना पोसू शकता काय?’ अशी विचारणा नातेवाइकांकडे होते. आपली विपन्नावस्था भावाला किंवा मुलाला कळेल, या लाजेपोटी कित्येक गरजू अर्जच करत नाहीत. अखेर २०२१ साली शासनाला ही विचारणा शिथिल करावी लागली. म्हणजे वसुलीच्या धाकाने कृतघ्न मुलगा सुधारला नाही. स्वाभिमानी म्हातारा मात्र उपाशी राहिला.

येथे कोणी विचारील, ‘मग मुलांना मोकळे सोडायचे काय?’ मुळीच नाही. आपल्या कायद्याने मुलांना मोकळे सोडलेलेच नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईबापांना पोटगीचा हक्क दिला. तो जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. विवाहित कन्येवरही ही जबाबदारी आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तर न्यायाधिकरणापुढे दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मागण्याची सोय केली. या सर्वांत मागणारे आईबाप आहेत, सरकारी खजिना नव्हे. मागावे की न मागावे, हे त्यांनी ठरवायचे. हा भेद लहान नाही. मुलाचे ऋण आईबापांशी आहे; ते कोषागारात चलनाने भरून फिटत नाही.

शिवाय वसूल करायचे ते किती? १९९५ साली केंद्राने वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये सुरू केले. अर्जदाराला स्वतःचा वा कुटुंबाचा नियमित आधार नसावा, ही त्यातील अट होती. केंद्राचा वाटा २००६ पासून २०० रुपये झाला, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी आजही तो तेवढाच आहे. ऐंशीच्या पुढे ५०० रुपये. राज्ये आपली भर घालतात, ती वेगळी. आता हे वेतन दारिद्र्यरेषेखालील घरांनाच मिळते. अशा घरचा मुलगा बहुधा शेतमजूर किंवा हमाल असणार. दोनशे रुपयांसाठी त्याला नोटीस पाठवण्याचा खर्चच त्याहून अधिक होईल. कार्यालयीन कामाची तोंडओळख असलेल्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

नोटीस घरी आल्यावर काय होईल, याचाही विचार करावा. ज्या सुनेने आजवर निमूटपणे भाकरी वाढली, तिच्या घरात म्हातारी ‘सरकारी कर्जाचे कारण’ ठरेल. माया आटवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

म्हणून वृद्धांचे निवृत्तिवेतन हा नागरिकाचा हक्क मानावा, आणि तो देताना त्याच्या मुलांची मिळकत चाचपू नये. ज्या आईबापांना मुलांकडून निर्वाह मागायचा असेल, त्यांच्यासाठी न्यायाधिकरणाची वाट सोपी करावी. अर्ज लिहून देणारा माणूस तालुक्यात बसवावा. शासनाने दुबळ्यांच्या बाजूने उभे राहावे. सावकार होऊन त्यांच्या दारात उभे राहू नये.