विस्कटणाऱ्या कृत्तिका आणि उजळत चाललेले आकाश

कोरेगाव भीमाच्या शिवारातून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास वर पाहिले, तर कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. आपल्या परंपरेत कृत्तिका सहा. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता त्या याच. ग्रीकांनी त्यांना सात बहिणी म्हटले. खगोलशास्त्रज्ञांच्या मोजणीत या तारकागुच्छात हजाराहून अधिक तारे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा हिशेबही मागे पडला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कृत्तिकांची भावंडे तीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांचे कुटुंब आजवर समजले जात होते त्याच्या सुमारे २० पट मोठे आहे. दुर्बिणीत दिसणारा पुंजका म्हणजे त्या कुटुंबाचा अजून एकत्र राहिलेला गाभा. बाकीची मंडळी कधीच पांगली आहेत.

इतकी दूर गेलेली भावंडे ओळखली कशी? त्यासाठी दोन अवकाश दुर्बिणींची मदत झाली. युरोपच्या ‘गाया’ यानाने सुमारे २०० कोटी ताऱ्यांची ठिकाणे आणि गती मोजल्या. त्यावरून कोणते तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत हे कळते. पण सहप्रवासी म्हणजे भावंडेच असे नाही. त्यांचे वयही जुळावे लागते. तरुण तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि वय वाढते तसा मंदावतो. नासाच्या ‘टेस’ यानाने टिपलेल्या प्रकाशातील बारीक चढउतारांवरून हा फिरण्याचा वेग काढता आला. चाल आणि वय दोन्ही जुळले, तेव्हा नाते पक्के झाले.

तारकागुच्छांची गोष्ट सुरू होते ती थंड वायू आणि धुळीच्या अवाढव्य मेघात. तिथले तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने मेघ आकसतो, त्याचे तुकडे पडतात आणि तुकड्यातुकड्यांत शेकडो-हजारो तारे जवळजवळ एकाच वेळी पेटतात. मात्र मेघातील बराचसा वायू ताऱ्यांत बदलत नाही. नव्याने जन्मलेल्या अवजड ताऱ्यांचा प्रखर प्रकाश आणि त्यांच्यापासून सुटणारे वारे हा उरलेला वायू उधळून लावतात. त्याच्यासोबत गुच्छाला बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षणही घटते. त्यामुळे बहुतेक गुच्छ पहिल्या काही कोटी वर्षांतच मोडतात.

जे यातून तगतात, त्यांची झीज सावकाश होते. तारे एकमेकांजवळून जाताना वेगाची देवाणघेवाण होते. जड तारे मध्याकडे सरकतात, हलके बाहेर फेकले जातात. काठावरच्या ताऱ्यांना आकाशगंगेची ओढ खेचून घेते आणि गुच्छाच्या पुढे-मागे ताऱ्यांचे लांबच लांब शेपटे तयार होतात. रोहिणी नक्षत्रातील इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या गुच्छाचे असे शेपटे २०१९ मध्ये गायाच्या नोंदींतून सापडले. सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा, असे मानले जाते. त्याची भावंडे आज आकाशगंगेत कुठे तरी विखुरलेली आहेत.

हौशी निरीक्षकाला हा सारा प्रवास पुस्तकाशिवाय वाचता येतो, कारण प्रत्येक टप्प्यावरचा एकेक गुच्छ आपल्या आकाशात आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघात जेमतेम १० ते ३० लाख वर्षांचे तारे आहेत आणि जन्मवेळचा वायू अजून त्यांच्याभोवती आहे. कृत्तिकांचे वय १० कोटी वर्षांहून थोडे अधिक. कोरेगाव भीमाच्या मातीखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कृत्तिका त्याहून जुन्या. छायाचित्रांत त्यांच्याभोवती दिसणारे निळसर धुके मात्र जन्मवेळचे नाही. तो वाटेत भेटलेला दुसराच मेघ आहे. रोहिणीचा गुच्छ आणि पुष्य नक्षत्रातील गुच्छ हे दोघे सुमारे ६५ कोटी वर्षांचे, म्हणजे मध्यमवयीन. (तांबूस रोहिणी तारा त्या ‘व्ही’त शोभून दिसतो, पण तो गुच्छाचा सदस्य नाही. तो ६५ प्रकाशवर्षांवर, तर गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे.) पुष्याजवळचा एम-६७ हा गुच्छ सुमारे ४०० कोटी वर्षे टिकून आहे, कारण त्यात तारे भरपूर आहेत आणि तो आकाशगंगेच्या गजबजलेल्या तबकडीपासून बराच वर आहे.

या बाबतीत शिरूर-दौंडचा भाग नशीबवान आहे. ताऱ्यांचा प्रकाश क्षितिजाजवळ जाड हवेतून येतो आणि शहरांच्या दिव्यांची झळाळीही तिथेच जास्त असते. आकाशाचा त्यातल्या त्यात काळा भाग डोक्यावर असतो. कोरेगाव भीमाचा अक्षांश सुमारे १८.६ अंश उत्तर असल्याने कृत्तिका शिरोबिंदूपासून जेमतेम साडेपाच अंशांवरून जातात, रोहिणीचा गुच्छ तीन अंशांच्या आत आणि पुष्याचा गुच्छ अवघ्या एका अंशावरून. मार्चच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास पुष्य बरोबर माथ्यावर असते. उत्तर युरोपातील निरीक्षकांना कधीच न दिसणारा एक ठेवाही इथे आहे. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून २४ अंश वर येतो. त्याच्या गाभ्यात मध्यम वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे भक्कम पुरावे हबल दुर्बिणीच्या २० वर्षांच्या छायाचित्रांतून २०२४ मध्ये पुढे आले.

मात्र हे आकाश झपाट्याने फिके पडते आहे. नैऋत्येला पुण्याचा उजेड, ईशान्येला सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि मधोमध पुणे-अहिल्यानगर महामार्ग, अशी या गावाची स्थिती आहे. जगभरातील हजारो नागरिकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्यानुसार २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले. हा वेग कायम राहिला, तर आकाशाचा उजेड आठ वर्षांत दुप्पट होतो. जन्मावेळी २५० तारे दिसणाऱ्या गावातल्या मुलाला अठराव्या वर्षी १०० तारेच दिसतील. कृत्तिका विस्कटायला कोट्यवधी वर्षे लागतात. त्या नजरेआड व्हायला एक पिढी पुरते.

यात पांढऱ्या एलईडी दिव्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या प्रकाशातील निळा भाग हवेत जास्त विखुरतो आणि आकाश उजळतो. उद्योग आणि रस्ते या भागाला हवेच आहेत आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला उजेडही हवा. प्रश्न उजेडाच्या दिशेचा आहे. वर जाणारा प्रकाश रस्ता दाखवत नाही, वीजबिल मात्र वाढवतो. पुणे ते शिरूर उन्नत मार्गाची योजना असल्याने हा मुद्दा आत्ताच महत्त्वाचा ठरतो. उंचावरच्या दिव्यांना वरून झाकण, प्रकाश फक्त खाली आणि रंग पिवळसर, एवढ्या अटी आराखड्यातच घातल्या तर खर्च फारसा वाढत नाही. दिवे लागल्यावर ते बदलणे महाग पडते. राज्यात याचे उदाहरणही आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी तिथल्या दिव्यांत असेच बदल करावे लागले.

आकाश किती शिल्लक आहे, हे मोजायला उपकरण लागत नाही. चंद्र नसलेल्या रात्री महामार्ग पाठीशी ठेवून उभे राहावे, २० मिनिटे मोबाइल खिशात ठेवावा आणि कृत्तिका मोजाव्यात. सहा दिसल्या तर साधारण ४.३ प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत; चारच दिसल्या तर मर्यादा ४ प्रतीच्या आसपास आली. पुष्याचा गुच्छ नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा दिसला, तर आकाश अजून चांगले आहे. १० बाय ५० ची साधी द्विनेत्री त्याच ठिपक्याचे डझनावारी तारे करून दाखवते. शाळेने किंवा गावातल्या मंडळाने ही मोजणी दर हिवाळ्यात, एकाच जागेवरून आणि एकाच तिथीला करून वहीत लिहून ठेवली, तर पाच वर्षांत ग्रामपंचायतीपुढे आणि रस्ते विभागापुढे ठेवता येईल असा पुरावा हाती येईल. गायाच्या नोंदींचा पुढचा मोठा संच डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. त्यातून कृत्तिकांची आणखी हरवलेली भावंडे सापडू शकतील. त्या सहाही कृत्तिका गावातून दिसत राहाव्यात, यासाठी लागणारी नोंद मात्र गावालाच ठेवावी लागेल.