रूळ मोजता, मग बोल्ट कुणी मोजायचे?

अमेरिकेत एखादा नवा रोलरकोस्टर उभा राहायला लागला की चाहत्यांचं खासगी गुप्तहेर खातं कामाला लागतं. काँक्रीटचे पाये किती, त्यांच्यात अंतर किती, पार्किंगमध्ये उतरवलेल्या रुळाच्या तुकड्याला बाक कुठल्या दिशेचा, यावरून गाडी कुठे उलटी होणार ते सांगितलं जातं. दोनशे फुटांहून उंच काही बांधायचं असेल तर तिथल्या विमान वाहतूक खात्याला आधी कळवावं लागतं. ती नोंदही शोधली जाते. ट्रेडमार्कचे अर्ज चाळले जातात. पार्कवाले तोंड उघडायच्या आत अर्धी बातमी फुटलेली असते.

या मंडळींना रिकामटेकडे म्हणून हसणं सोपं आहे. मी हसणार नाही, कारण माझी तक्रार नेमकी उलटी आहे. सरकारी कागद उकरायची चिकाटी आहे, इंजिनियरसारखी नजर आहे, आणि ही सगळी ताकद खर्च कशावर होते? तर कंपनी पुढच्या वर्षी आपल्याला काय विकणार, हे आधी ओळखण्यावर. म्हणजे तिची जाहिरात फुकटात करण्यावर.

उदाहरण घ्या. ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट या पार्कात २००३ साली टॉप थ्रिल ड्रॅगस्टर सुरू झाला. उंची ४२० फूट, वेग ताशी १२० मैल. १५ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच्या गाडीचा एक धातूचा तुकडा, साधारण तळहाताएवढा, सुटून उडाला आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या एका बाईला लागला. ती गंभीर जखमी झाली. ती गाडीत बसलीही नव्हती, नुसती आपल्या पाळीची वाट बघत होती.

त्या राज्यात पाळण्यांची तपासणी कृषी खातं करतं. खात्याचा अहवाल फेब्रुवारी २०२२मध्ये आला: पार्कने कायदा मोडल्याचा पुरावा नाही. ठीक. पण कायदा मोडला नाही याचा अर्थ तुकडा पडला नाही, असा होत नाही. तुकडा का सुटला, आधी कुणाच्या लक्षात का आला नाही, आता तपासणीत काय बदललं, हे प्रश्न खरं तर तिथून सुरू व्हायला हवे होते.

सप्टेंबर २०२२मध्ये पार्कने जाहीर केलं की ड्रॅगस्टर ‘तुम्हाला माहीत असलेल्या रूपात’ निवृत्त होत आहे. त्या चार शब्दांनी काम फत्ते केलं. म्हणजे दुसऱ्या रूपात परत येणार! झालं, अंदाजांचा बाजार भरला. मनोरा राहणार का? ढकलणारी यंत्रणा कुठली येणार? रुळाला रंग कोणता? ‘काय झालं होतं’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘काय येणार’ हा पुढे आला. हे करायला पार्कला कुणाचं तोंड दाबावं लागलं नाही. चाहत्यांनीच ते हौसेनं केलं. काहींनी अपघाताबद्दल विचारलंही असेल, पण त्या गोंगाटात त्यांचं ऐकतो कोण?

ऑगस्ट २०२३मध्ये टॉप थ्रिल २ जाहीर झाला. झाम्पर्ला या इटालियन कंपनीच्या नव्या गाड्या, तीन वेळा धक्का, आणि जुन्या मनोऱ्यासमोर तेवढ्याच उंचीचा नवा. ४ मे २०२४ रोजी तो लोकांसाठी उघडला आणि आठवडाभरात बंद पडला. गाड्यांमध्ये यांत्रिक बदल करायचे आहेत, असं पार्कने सांगितलं. उरलेला हंगाम तो बंदच होता. पुन्हा सुरू झाला तो २०२५मध्ये.

माझ्या मते पार्कने या सगळ्यात केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे हे थांबणं. पण तेव्हाही खेळ एकच: उघडणार कधी? जून? जुलै? हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. बंद पाळण्याचा प्रत्येक दिवस मालकाला महाग पडतो. त्यावर हजारो लोक रोज ‘झालं का, झालं का’ विचारत असतील तर ते दुरुस्ती करणाऱ्याच्या मानेवर बसल्यासारखंच आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: अपघात क्वचित होतात, मजेची मजा घालवू नका. अपघात क्वचित होतात हे खरंच आहे. पण ते आपोआप क्वचित होत नाहीत. २०१७ साली ओहायोच्याच राज्य जत्रेत एका पाळण्याचा हात तुटला आणि अठरा वर्षांचा मुलगा गेला. पोलादाला आतून गंज चढला होता. आतला गंज कुठल्याही ड्रोनच्या फोटोत दिसत नाही. तो तपासणीत सापडतो, नाहीतर सापडतच नाही. त्या मृत्यूनंतर लोकांनी पाठपुरावा केला, तेव्हा तपासणीचे नियम कडक करणारा कायदा झाला. रंगाचे अंदाज बांधून तो झाला नाही.

हे सगळं दूरच्या ओहायोचं, आपल्याला काय त्याचं? तर तेच व्हिडिओ आपल्याही मोबाइलवर येतात, आणि बघायची तीच सवय लावतात. खोपोलीजवळ इमॅजिकात ‘नायट्रो’ २०१३पासून धावतो आहे. गावोगावच्या जत्रेत आकाशपाळणा एका रात्रीत उभा राहतो. आपण विचारतो ते तिकीट किती आणि रांग किती. हा पाळणा शेवटचा कुणी तपासला, त्याचा कागद कुठे आहे, हे विचारणारा माणूस जत्रेत भांडकुदळ ठरतो.

अंदाज जरूर बांधा. पाये मोजा, रंगावर पैजा लावा. फक्त ज्या चिकाटीनं उंचीची परवानगी शोधता, तिच्या निम्म्या चिकाटीनं तपासणीचा अहवालही शोधा, आणि तो मिळाला नाही तर तेवढ्याच मोठ्या आवाजात ओरडा. पार्कने पुढच्या वर्षीचं गुपित राखलं तर तो त्याचा हक्क आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर काय धावतंय, हे मात्र गुपित असू शकत नाही.