औषध पास, भागधारक नापास

'आम्ही अभ्यास करून पैसे घालतो' हे वाक्य गेली पाच-सहा वर्षे आमच्या भागात फार ऐकू येते. बेळगावच्या बाजारात ऐकू येते, निपाणी-खानापूरच्या लग्नपंगतीत ऐकू येते आणि शाळेच्या शिक्षकखोलीत तर मधल्या सुट्टीत दुसरे काही ऐकूच येत नाही. मटका लावणाऱ्याला आपण मटका लावतो हे निदान ठाऊक असते, आणि तो ते बायकोपासून लपवतो. आमची सुशिक्षित मंडळी मात्र खिशातला मोबाइल काढून आलेख दाखवतात. माझा राग शेअरबाजारावर नाही. बाजार बाजारासारखाच वागणार. तीस वर्षे मुलांना अभ्यास म्हणजे काय हे सांगण्यात घालवल्यानंतर त्या शब्दाचा असा वापर मला सोसवत नाही, म्हणून हा लेख.

त्यातही एका विशिष्ट खुळाविषयी मला बोलायचे आहे. ते म्हणजे कर्करोगावरच्या नव्या औषधांचे शेअर. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला शिकवून, चेतवून तिला कर्करोगाच्या पेशींवर सोडायचे, अशी ही नवी उपचारपद्धती आहे. २०१८ साली याच विषयातल्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना नोबेल मिळाले. विज्ञान खरे आहे, मोठे आहे, याबद्दल वादच नाही. आणि सगळा घोळ तिथेच आहे. खोट्या गोष्टीत बुडणाऱ्याला लोक हसतात. खऱ्या गोष्टीत बुडणाऱ्याला आपण बुडतो आहोत हेच कळत नाही.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक विज्ञानशिक्षक आहेत. मी त्यांना इथे नुसते 'सर' म्हणतो. त्यांचा धाकटा भाऊ कर्करोगाने गेला. आमच्या भागात दर चार घरांआड कपाटात एक 'टाटाची फाइल' असते, तशी त्यांच्याही घरी आहे. भाऊ गेल्यानंतर सरांनी पुण्याच्या मुलामार्फत एका परदेशी कंपनीचे शेअर घेतले. ती कंपनी कर्करोगाची लस तयार करते आहे, निदान तसे म्हणते. सरांची एक वही आहे. चाचणी कधी सुरू झाली, किती रुग्ण, कोणत्या परिषदेत कोणते निष्कर्ष येणार, सारे सुवाच्य अक्षरात. वहीला मी दहापैकी नऊ गुण देईन. कापलेला एक गुण एका पानाचा : कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती, हे पान वहीत नाही. मी ते विचारले तेव्हा सर म्हणाले, "हेडसर, औषध खरं ठरलं तर पैसा कुठं जातोय?"

तो कुठे जातो, ते सांगतो.

अमेरिकेत सिएटल शहरी डेंड्रिऑन नावाची कंपनी होती. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर 'प्रोव्हेंज' नावाचा उपचार तिने काढला. तो बाटलीत मिळत नाही. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्या कारखान्यात पाठवायच्या, तिथे त्यांना त्या कर्करोगाची ओळखखूण असलेल्या प्रथिनाच्या संगतीत ठेवून तयार करायचे आणि दोन-तीन दिवसांत परत आणून त्याच रुग्णाला चढवायच्या. असे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा. म्हणजे प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही आणि साठा करून ठेवता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

पहिल्या चाचणीत १२७ रुग्ण होते. रोग वाढायला किती उशीर लागतो, हे पाहायचे असे आधी ठरले होते. त्या कसोटीवर उपचार उतरला नाही. पण नंतर हिशेब करता दिसले की, उपचार घेतलेले रुग्ण मध्यमानाने साडेचार महिने अधिक जगले. आता मुख्याध्यापकाला विचाराल तर, गणिताच्या पेपरात नापास झालेल्या मुलाने 'माझे चित्रकलेचे गुण बघा' म्हणावे, त्यातला हा प्रकार. चित्रकला खोटी नसते. पण परीक्षा कशाची, हे पेपर तपासून झाल्यावर ठरवायचे नसते. २९ मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी उपचाराच्या बाजूने कौल दिला. पाच डॉलरच्या आसपासचा शेअर काही दिवसांत तिपटीच्या वर गेला. मे महिन्यात प्रशासनाने मात्र 'आणखी पुरावा आणा' असे कळवले आणि शेअर एका दिवसात साठ टक्क्यांहून अधिक कोसळला.

त्यानंतर जे झाले ते 'अभ्यास' म्हणवणाऱ्यांनी नीट वाचावे. समितीत विरोधी मत देणाऱ्यांत डॉ. हॉवर्ड शेर आणि डॉ. महा हुसेन हे कर्करोगतज्ज्ञ होते. त्यांना धमक्या आल्या. त्या वर्षीच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांच्यासोबत सुरक्षारक्षक ठेवावे लागले. मरणाच्या दारात उभा असलेला रुग्ण 'मला औषध द्या' म्हणून ओरडतो, ते मी समजू शकतो; त्याच्यापुढे मान खाली घालतो. पण त्या ओरड्यात रुग्ण कोण आणि भागधारक कोण, हे बाहेरून ओळखू येत नव्हते. दोघांच्या तोंडी तेच शब्द होते. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने रुग्णाचा आवाज काढावा, याहून ओंगळ गोष्ट मला सुचत नाही. परीक्षकाला धमकावणारा पालक आम्ही शिक्षकांनी पाहिलेला आहे. त्याला कुणी अभ्यासू म्हणत नाही.

प्रशासनाने मागितलेली परीक्षा झाली. ५१२ रुग्ण, आणि या वेळी कसोटी आधीच ठरलेली : माणूस किती जगतो. उपचार पास झाला. मध्यमान २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांवर गेले, ४.१ महिन्यांचा फरक. २९ एप्रिल २०१० रोजी मान्यता मिळाली. तीन वेळांची मिळून किंमत ९३,००० डॉलर, तेव्हाच्या दराने चाळीस लाखांच्या वर. शेअरने पन्नास डॉलर ओलांडले. २००७ मध्ये रडलेले लोक तेव्हा हसत असतील. मधल्या काळातली एक गंमतही सांगायला हवी. २८ एप्रिल २००९ रोजी, ज्या दिवशी या चाचणीचे चांगले आकडे तज्ज्ञांपुढे यायचे होते त्याच दुपारी, दीड मिनिटाच्या आत शेअर निम्म्याच्याही खाली आला आणि व्यवहार थांबवावे लागले. 'अमुक भावाखाली गेला तर विकून टाका' असा आदेश देऊन ठेवणाऱ्या सावध माणसाचा शेअर अशा वेळी त्याचा चहा निवायच्या आत जातो. वहीत या दीड मिनिटासाठी रकाना कुठला?

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे, म्हणून न्यूजर्सी, जॉर्जिया, कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणी मोठे कारखाने उभारले. खर्च अफाट. डॉक्टरांनी प्रत्येक वेळचे एकतीस हजार डॉलर आधी गुंतवायचे आणि विम्याकडून परत येण्याची वाट पाहायची. डॉक्टर कचरले. एवढ्यात २०११ च्या एप्रिलमध्ये त्याच रोगावर अ‍ॅबिराटेरोन नावाची गोळी आली. रक्त काढणे नाही, विमानाने पाठवणे नाही, पाण्याबरोबर घ्यायची. ३ ऑगस्ट २०११ रोजी कंपनीने वर्षाच्या ३५ ते ४० कोटी डॉलर विक्रीचा आपला अंदाज मागे घेतला. दुसऱ्या दिवशी शेअरचा दोन तृतीयांश भाव गेला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ६२ कोटी डॉलरचे कर्जरोखे डोक्यावर होते. कायद्याच्या रांगेत कर्ज देणारा पुढे आणि भागधारक शेवटी उभा असतो. रांग भागधारकापर्यंत पोहोचलीच नाही. त्याच्या हाती शून्य आले.

आणि औषध? ते जिवंत आहे. व्हॅलियंट कंपनीने २०१५ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरना ते घेतले आणि २०१७ मध्ये चीनच्या सॅनपॉवर समूहाला सुमारे ८२ कोटींना विकले. आजही रुग्णांना ते दिले जाते. सर, पैसा इथे गेला.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते : 'एका कंपनीचे उदाहरण काय सांगता? दुसऱ्या कंपन्यांनी लोकांना श्रीमंत केले.' केले असेल. मी मुद्दाम अशी कंपनी निवडली जिचे विज्ञान खरे ठरले. ज्यांचे खोटे ठरले त्यांचे उदाहरण देऊन वादात जिंकणे फार सोपे होते. दुसरे उत्तर अधिक गोड असते : 'आम्ही पैसे घातले नाहीत तर औषधे निघणार कशी? ही एक प्रकारे सेवाच आहे.' हे तर साफ चूक आहे. बाजारात तुम्ही शेअर विकत घेता तेव्हा पैसे प्रयोगशाळेला जात नाहीत. ज्याला तो शेअर नकोसा झाला आहे त्याच्या खिशात जातात. कंपनीला पैसे मिळतात ते ती नवे शेअर काढते तेव्हा, आणि तेव्हा तुमचा जुना वाटा आणखी पातळ होतो. सेवा करायची असेल तर कर्करोग रुग्णालयांच्या बाहेर पदपथावर झोपणारे नातेवाईक आहेत, त्यांच्यासाठी धर्मशाळा चालवणाऱ्या संस्था आहेत. तिथे पावती मिळते, लाभांश मिळत नाही, एवढेच.

पैशाचे सोडा. सरांच्या वहीतल्या एका पानाने मला खरा धक्का दिला. किती जगतो ही कसोटी असलेल्या चाचणीचा निकाल ठरावीक तारखेला लागत नसतो; ठरावीक संख्येने रुग्ण मृत्यू पावले की हिशेब करतात. डेंड्रिऑनच्या त्या चाचणीत ५१२ पैकी ३३१ माणसे गेल्यानंतरचा तो हिशेब होता. सरांनी आपल्या कंपनीच्या चाचणीत आतापर्यंत किती रुग्ण गेले असावेत याचा अंदाज मांडला होता, महिन्यागणिक. मरण लांबले की सर खूश : औषध लागू पडत असावे. पण फार लांबले की अस्वस्थ : निकाल पुढे जातो, कंपनीजवळचे पैसे संपत येतात. सख्ख्या भावाच्या उशाशी रात्री काढलेला हा सज्जन माणूस अनोळखी रुग्णांच्या मरणाचे असे कोष्टक मांडतो, आणि त्यात काही विचित्र आहे असे त्याला वाटत नाही. संशोधकाने मांडावे, ते त्याचे काम आहे. आशा आणि लोभ एकाच डब्यात ठेवले की काही दिवसांनी दोन्हींना एकच वास येऊ लागतो.

आपल्याकडेही हे लोण आलेच आहे. आय.आय.टी. मुंबईत डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर रक्ताच्या काही कर्करोगांवर 'नेक्सकार-१९' हा पेशी-उपचार घडवला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून परत देण्याचा. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता मिळाली; ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. परदेशात ज्याला तीन-चार कोटी लागतात ते इथे काही दशलक्ष रुपयांत होऊ लागले. तेही आमच्यासारख्यांना न झेपणारेच, पण किती मोठी झेप! यामागे सरकारी संस्थांचा पैसा होता, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. आणि त्या बातमीवर आमच्या शिक्षकखोलीत पहिला प्रश्न कोणता आला? कुणाला उपयोगी, किती टक्क्यांना गुण, खर्च कोण देणार, यांपैकी एकही नाही. 'शेअर आहे का त्याचा?' ती कंपनी बाजारात नाही असे कळल्यावर तासाभरात एकाने शोध लावला की हैदराबादच्या एका नोंदणीकृत औषधकंपनीचा तिच्यात हिस्सा आहे, तिचे घ्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खी मंडई विकत घेण्याचा हा प्रकार. असो.

आमच्या घरांत आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळणार नाही. मुलगा कन्नड आणि इंग्रजीत शिकलेला, बाप मराठीत. कंपनीचे धोक्याचे इशारे पन्नास पानी इंग्रजीत असतात. मुलगा त्याचे चार वाक्यांत मराठी करून सांगतो आणि त्या चार वाक्यांत इशारा नेमका गळतो. बाप मुलाच्या इंग्रजीवर विश्वास ठेवतो, मुलगा बापाच्या वहीवर. दोघांपैकी कुणीच ती पन्नास पाने वाचलेली नसतात.

आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेत मी संचालक आहे. कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो. त्यात 'घरदुरुस्ती' लिहिणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे, आणि घरे मी रोज येता-जाता पाहतो. कौले तीच आहेत. यंदाच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे की, पन्नास हजारांवरच्या घरदुरुस्तीच्या कर्जाला गवंड्याचे अंदाजपत्रक जोडलेच पाहिजे. ठरावाला अनुमोदक अजून मिळालेला नाही.