बाळ बसेनासे झाले तर…

आठ-नऊ महिन्यांचे, चांगले बसू लागलेले बाळ अचानक बसेनासे होते. लंगोट बदलताना पाय उचलले की किंचाळते, निजवून ठेवले की शांत होते. घरात दृष्ट काढली जाते, ‘दात येताहेत’ म्हणून वाट पाहिली जाते. ताप नसेल तर दवाखान्यातही पोटदुखीचे औषध मिळते. मणक्यात जंतुसंसर्ग झाला असेल, ही शंका फार उशिरा येते.

हा आजार दुर्मीळ आहे, म्हणूनच तो नजरेतून निसटतो. कारण बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावाच लागतो. तान्ह्या बाळाच्या मणक्याचा बराच भाग कूर्चेचा असतो. शिवाय एक्स-रेवर बदल दिसायला दोन-तीन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ हा दिलासा पुरेसा नाही. खरे चित्र एमआरआय दाखवतो. पण त्यासाठी बाळाला बहुधा भूल द्यावी लागते आणि ती सोय सगळीकडे सहज मिळत नाही.

निदान वेळेत झाले तर बरीच मुले औषधांनीच बरी होतात. जिवाणू असेल तर काही आठवडे प्रतिजैविके, क्षय असेल तर वर्षभर किंवा अधिक उपचार. पू मज्जारज्जूवर दाबू लागला, पायांतले बळ जाऊ लागले किंवा मणका ढासळून कुबड येऊ लागले, तर शस्त्रक्रिया करावी लागते. पू आणि मेलेले हाड काढून कण्याला आधार दिला जातो. इवल्या, वाढत्या हाडांवर हे काम अवघड असते. आणि गोष्ट तिथे संपत नाही. क्षय बरा झाल्यावरही वाढत्या वयात कुबड वाढू शकते. कोणत्या मुलांना हा धोका आहे, हे ओळखण्याच्या एक्स-रेवरील खुणा कोइम्बतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी २००१ मध्ये मांडल्या. वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चालू ठेवायला हवी, ती यासाठीच.

आशा सेविका तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. ‘बाळ बसायचे, उभे राहायचे थांबले का?’ हा एक प्रश्न त्यांनी आवर्जून विचारावा. उत्तर ‘हो’ असेल, तर बाळाला भूल देऊन एमआरआय कुठे होईल, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला आधीच ठाऊक असले पाहिजे. ज्याला ‘पाठ दुखते’ असे सांगता येत नाही, त्याच्या वतीने विचारणे हे मोठ्यांचेच काम आहे.