सळईचा भाव आणि परदेशचें लोखंड

पुण्याच्या मार्केट यार्डांत तुरीचा भाव हलला कीं म्यानमार-आफ्रिकेचा माल किती उतरला याची चर्चा भुसाराच्या दुकानांतून सुरू होते, आणि ती रास्तच आहे. २०२१ सालीं आयात खुली झाल्यापासून बाहेरची तूर आपल्या वरणांत प्रत्यक्ष शिजत आली आहे. परंतु शेजारच्या गुलटेकडी-मुकुंदनगरांत घराची पुनर्बांधणी काढलेले गृहस्थ तोच न्याय सळईस लावूं लागले, तर त्यांची फसगत होण्याचा संभव आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्यें सरकारनें परदेशी पोलादावर शेंकडा १२ संरक्षक कर तात्पुरता बसविला. तो पत्रे, गुंडाळ्या व प्लेटी यांवर होता, सळईवर नव्हता. त्याचें नांव पुढें करून कंत्राटदारानें स्लॅबच्या सळईचा आंकडा वाढविला असेल, तर तो काकतालीय न्याय समजावा. १९२४ च्या संरक्षण-कायद्याच्या वेळीं विलायती सळई खरोखरच येत असे. आज आपली सळई बहुतेक देशांतलीच, आणि महाराष्ट्रांत तर पुष्कळशी जालन्याच्या भट्ट्यांतली.

मग परदेशचा संबंध मुळींच नाहीं काय? आहे, पण तो मागल्या दारानें येतो. जालन्याच्या भट्ट्या विजेवर भंगार व स्पंज आयर्न वितळवितात. त्यांतलें कांहीं भंगार जहाजानें येतें. मोठ्या कारखान्यांस लागणारा कोकिंग कोळसा तर बहुतांश बाहेरचाच, त्यांतही विशेषेंकरून ऑस्ट्रेलियाचा. तेथें भाव चढला किंवा डॉलर महागला, कीं सळईस तें लागतेंच. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटतांच असेंच झालें. तेव्हां २२ मे रोजीं सरकारनें कोळशावरील आयातकर काढला आणि सळईसह पुष्कळशा पोलादी मालावर शेंकडा १५ निर्यातकर बसविला. भाव लवकरच उतरले. म्हणजे परदेशी सळई आंत आल्यानें नव्हे, तर देशी माल बाहेर जाणें अडल्यानें स्वस्ताई झाली! पुढें १९ नोव्हेंबरला तो कर उठला. (पावसाळ्यांत बांधकामें मंदावतात व भाव नरमतो, हें निराळें.)

भावावर गृहस्थाचा इलाज नाहीं, वजनावर आहे. सळईचा दर टनावर ठरतो, पण माल पुष्कळदां नगांवर मोजून उतरतो, आणि खरें नुकसान तेथें होतें असें आमचें मत आहे. जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करून १६२ नें भागावें, म्हणजे एका मीटरचें वजन किलोंत निघतें. आमच्या विद्यार्थ्यांस असलीं गणितें रुक्ष वाटत. आतां त्यांचींच घरें बांधलीं जात आहेत. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची सळई सुमारें १०.७ किलो भरावी. आयएस १७८६ ह्या मानकाप्रमाणें ह्या जाडीस शेंकडा ५ पर्यंत फरक चालतो. ती नऊ किलोच भरूं लागली, तर त्याचें कारण ऑस्ट्रेलियांत शोधूं नये. सळईवर आयएसआयची खूण आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि गाडी भरलेली व रिकामी अशी दोनदां कांट्यावर घालून दोन्ही पावत्या घरच्या माणसानें स्वतः घ्याव्या.